हाशमभाईंची वाघर

घरजावयाला गाव दोन गोष्टी फुकट देतं, चहा आणि टोमणे. आकिबला चहासुद्धा अधूनमधूनच मिळत होता.

तो सुरतचा. उधन्याला भरतकामाच्या मशीनवर होता. पुढे नवी मशीन आली, चौघांचं काम एकच जण बटण दाबून करायला लागला आणि आकिब घरी बसला. बायको, नौशीन, म्हणाली, चला माझ्या माहेरी. माहेर शिंदखेड्याच्या बाजूला, पवनचक्क्यांच्या टेकड्यांखाली. तिचे वडील हाशमभाई पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तांब्याची तार गुंडाळून भरून द्यायचे. मोटर जळली की शेतकरी आधी वीज खात्याच्या नावानं बोटं मोडायचा आणि मग हाशमभाईंकडे यायचा.

दुकानात दोन खुर्च्या होत्या. एकीवर हाशमभाई, दुसरीवर जळक्या मोटरी. त्यांना मुलगा नाही, तेव्हा ती खुर्ची आपल्याला मिळेल अशी आकिबची आशा. पण पावसाळा गेला, थंडी पडली, तरी मोटरी काही खुर्चीवरून उठेनात. "आयत्या बिळावर नागोबा," असं पारावरची मंडळी त्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायची. बीळ मिळालं असतं तर त्यानं नागोबा व्हायलाही हरकत घेतली नसती. थंडी सरेपर्यंत बघायचं, नाहीतर परत सुरत, एखाद्या मिलच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि नौशीनला इथेच ठेवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. नौशीन रोज विचारायची, "अब्बा काही बोलले का?" बोलले होते. "जेवलास का," असं.

आणि एक दिवस हाशमभाई मोटरीत डोकं घालूनच म्हणाले, "रविवारले शिकारले येजो. शिकारमा मानूस कळस."

"कसली शिकार, अब्बा?"

"श्श! त्यानं नाव लेवानं नही."

नाव घ्यायचं नाही तो ससा. शिकारी तिघे. हाशमभाई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर देवचंद नाना आणि ज्यांच्या हरभऱ्यात ही सगळी मर्दुमकी चालायची ते झुलाल आबा. नवख्याला नियम शिकवायचं काम नानांकडे होतं, कारण माणसाला उभं करून सूचना देण्याची त्यांची सवय अजून गेलेली नव्हती. पहिला नियम त्यांनी असा सांगितला, की ससा धरायला कायद्यानं सक्त बंदी आहे, सापडलो तर थेट तुरुंग.  "आते दुसरा नियम," नाना म्हणाले.

मग पुढचं. वारा नेहमी तोंडावर घ्यायचा. पाठीवर घेतला तर आपल्या तंबाखूचा वास आपल्याआधी पोचतो. ससा शोधू नये, त्याचा डोळा शोधावा. अंग ढेकळाच्या रंगाचं, डोळा मात्र चकाकतो. उठवायचा तर टेकडीच्या वरून, कारण त्याचे मागचे पाय लांब. चढावर तो वाऱ्याला हरवेल, उतारावर कोलांट्या खाईल. शिट्टी घातली की क्षणभर थबकतो. कुंपणात त्याची जायची वाट ठरलेली असते, तिथे वाघर लावायची. वाघर म्हणजे जाळं. ते हाशमभाईंच्या वडिलांचं, सुताचं, आणि त्याला हाशमभाईंखेरीज कुणी हात लावायचा नाही. वाट्याचाही नियम होता. जो धरेल त्याला मुंडकं, आणि ज्याच्या डोळ्यांनी पाहिलं त्या प्रत्येकाला वाटा, मग तो वाटसरू का असेना.

"आणि वनखात्याचा माणूस आला तर?"

"त्यालेबी वाटा," आबा म्हणाले. "दोन डोया त्यालेबी शेतस ना!"

पहिल्या रविवारी सकाळी दव होतं तेव्हाच निघाले. सगळं नियमाप्रमाणे झालं. वारा तोंडावर, हाकारा वरून, नानांची शिट्टी अशी की लांबच्या शेतातली एक म्हातारी बस आली म्हणून उठून उभी राहिली. ससा उठला, थबकला, उताराला लागला, नेमका वाघरीत शिरला आणि दुसऱ्या बाजूनं आरामात बाहेर पडला. वाघरीच्या मधोमध परात जाईल एवढं भोक होतं.

"थोडक्यात गया!" हाशमभाई मांडीवर थाप मारून ओरडले.

"मांजरएवढा व्हता," नाना म्हणाले.

"बोकडएवढा," आबांनी दुरुस्त केलं.

मग आबांच्या शेतात काटक्यांवर वांगी भाजली, भरीत ठेचलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी हाणलं आणि बोकडाएवढ्या सशावर दुपारपर्यंत चर्चा चालली. तिघेही इतके खूश होते की आकिबला त्यांची कीव आली. बिचारे! इतकी विद्या, आणि जाळं फाटकं. धागा म्हणजे तर आपला प्रांत. देवानं संधी दिली ती हीच, असं त्याला वाटलं.

हाशमभाई धुळ्याला तांब्याची तार आणायला गेले तेव्हा त्यानं हात न लावायचा नियम बाजूला ठेवून खुंटीवरची वाघर उतरवली. नौशीननं एक टोक धरलं. भोकाच्या कडेला कुणीतरी सुताचा नीट काठ विणलेला होता. तो त्यानं उसवून टाकला आणि जाळीत जाळी मिळवत, जुन्याला जुळेल असा रंग देऊन, भोक असं बुजवलं की शोधून सापडू नये. "अब्बा खूश होतील," नौशीन म्हणाली. आकिब तर त्या रात्री खुर्चीवर बसलासुद्धा, स्वप्नात.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

पुढच्या रविवारी ससा उठला, थबकला, उताराला लागला, वाघरीत शिरला आणि तिथेच राहिला.

"थोडक्यात ग..." हाशमभाईंची थाप मांडीपर्यंत पोचलीच नाही.

ससा ओरडायला लागला. ससा ओरडतो हे आकिबला कुणी सांगितलं नव्हतं. तान्ह्या पोराला चिमटा काढावा तसा तो आवाज, थांबेचना. तिघे शिकारी धावत आले आणि जाळ्यापासून चांगले लांब उभे राहिले.

"हाई काय व्हयनं?" नाना कुजबुजले.

"आते काय करानं?" आबा म्हणाले. "हाशम, तुनी वाघर शे, तू बोल."

 हाशमभाईंनी तोंड टेकडीकडे फिरवलं होतं आणि एक हात कानावर होता.  आणि आकिबला तो काठ आठवला. फाटलेल्या जाळ्याला कुणी काठ विणत नाही. काठ विणतात तो मुद्दाम कापलेल्या भोकाला, पुढे उसवू नये म्हणून. वर्षानुवर्षं भरतकाम केलं आणि एवढं दिसलं नाही, आपल्या डोक्यात काय भुसा भरलाय, असं त्याला झालं.  खुर्ची गेली. सुरतची शिट्टी त्याला आत्ताच ऐकू यायला लागली.

कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मारायचं तर कुणाचाच हात उठत नव्हता. "सोडा" म्हणायचं तर इतक्या वर्षांची मर्दुमकी गावासमोर पाण्यात, कारण पलीकडच्या बांधावर ती बसवाली म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. नियमानं तिलाही वाटा होता.

आकिबनं खिशातली दोरा कापायची छोटी कात्री काढली. ससा बघायचा म्हणून वाकला, पाठ म्हातारीकडे केली आणि स्वतःच बुजवलेल्या भोकाच्या चार गाठी कचाकच कापल्या. ससा एक लाथ त्याच्या मनगटावर ठेवून गेला.

"अब्बा!" तो बांधापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला. "चुकी माझी! वाघर मी शिवली, गाठ कच्ची राहिली! सुटला!"

 मग हाशमभाई वळले आणि त्यांनी जावयाला जी शिव्यांची आंघोळ घातली, तशी त्या गावात कुठल्याही जावयाला आजवर मिळाली नव्हती. सुरतवाला, बिनकामाचा, हाती आलेला ससा घालवला, बोकडाएवढा! "म्हईसएवढा," आबा डोळे पुसत म्हणाले. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि गावाकडे निघाली. संध्याकाळपर्यंत ते घरोघर पोचणार, याची खात्री होती.

भरिताला त्या दिवशी हाशमभाईंनी आकिबच्या ताटात स्वतःच्या हातानं तेल वाढलं. 

सोमवारी दुकान उघडताना त्यांनी त्याला हाक मारली. दुसऱ्या खुर्चीवरच्या मोटरी खाली जमिनीवर होत्या. खुर्ची पुसलेली होती. समोर एक उघडी मोटर आणि तारा बांधायच्या दोऱ्याचं नवं रीळ.

"वाघरमा कच्ची गाठ चालस," हाशमभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले. "मोटरमा चालाव नही. बस."