माझी मुकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि स्वभावाने जराशी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्या कारागीर आजोबांनी मला घडवलं, त्यांनी माझा एकेक सूर कान देऊन जुळवला होता. पुढे एका गाणाऱ्या काकूंच्या घरी माझा काय तोरा होता म्हणून सांगू! पाहुणे आले की आधी माझं कौतुक, मग चहा. काकू थकल्या, गाणं थांबलं आणि मी कपाटावर जाऊन पडले. माझ्या डोक्यावर रद्दी आणि एक फुटकी बादली! फार वाईट वाटायचं. शेवटी काकूंच्या मुलाने मला एका शाळेला देऊन टाकलं. तोवर माझी एक पट्टी मुकी झाली होती, नेमकी पंचमाची.

शाळेतल्या बाई मोठ्या हिकमती. त्यांचा नियम असा, की एकाने भाता मारायचा, दुसऱ्याने पट्ट्या दाबायच्या आणि वर्गाने गायचं. भात्यावर एक दांडगी मुलगी, पट्ट्यांवर वर्गातला बडबड्या. दोघांची रोज जुंपायची. पण एकाशिवाय दुसऱ्याचं चालेना, मग घ्यायची जुळवून.

सातचा पाढा कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला चाल लावली. चाल झकास झाली, पण प्रत्येक ओळीचं उत्तर नेमकं माझ्या मुक्या पट्टीवर! ‘सात चोक’ म्हटलं की माझ्यातून नुसतीच फुस्स हवा. मुलं हसून लोळायची आणि उत्तर राहूनच जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस त्या फुस्सनंतर मागच्या बाकावरून आवाज आला, “अठ्ठावीस.” अगदी पंचमात! ती वर्गात नवी आलेली मुलगी होती. दोन महिन्यांत कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. मुलं तिला मौनीबाबा म्हणायची. त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसू लागली. उत्तर ती गायची, बाकीचे तिच्यामागून. पाढा तर पाठ झालाच, शिवाय मधल्या सुट्टीत ती सगळ्यांबरोबर डबा खाऊ लागली.

मग बाईंनी हौसेने पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी माझी पट्टी खणखणीत वाजती केली. मी तर हरखूनच गेले! बाई त्या नव्या मुलीला म्हणाल्या, “सुटलीस गं बाई! जा, बस आता आपल्या जागेवर.” ती उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. चार दिवस तिचा आवाज नाही. डबासुद्धा एकटीने खाल्ला. मला माझ्याच सुराचा राग आला, मित्रांनो.

पाचव्या दिवशी पाढा सुरू झाला. ‘सात सक’पाशी बडबड्याने बोट उचललं. भात्यावरचा हातही थांबला.

“अरे, थांबलात का? पट्टी वाजते ना आता?” बाई म्हणाल्या.

“वाजते हो बाई,” बडबड्या म्हणाला. “पण उत्तर तिचं आहे.”

सगळा वर्ग मागे वळून बघत होता. बाईंनीही मागे पाहिलं. “चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या, “ये गं, पुढे ये.” ती जागची हलली नाही. मग हळूच तिचा आवाज आला, “बेचाळीस.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, दुरुस्त करा, कपाटावर टाकू नका, एवढं तर मी सांगणारच. पण तसं करताना कुणाला ‘आता माझं इथे काय काम’ असं वाटणार नाही ना, तेही बघा. माझी पंचमाची पट्टी आज ठणठणीत आहे. तरी सातच्या पाढ्याला ती कुणी दाबत नाही, आणि खरं सांगते, मीही मुद्दाम गप्प बसते.