सातव्या भोकातली नळी

“सांगतो, पण कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझाच बसला नव्हता,” असं म्हणत मामाने उजवी बाही वर सारली आणि हात टेबलावरच्या उशीवर ठेवला, जणू मोठं दानच करतोय.

भाचीने दंडाला रबरी पट्टा बांधला. लॅबमधल्या लोकांच्या वार्षिक तपासणीचा दिवस होता. डॉक्टरीणबाईंपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचं रक्त घेऊन झालं होतं. उरला होता तो मामा, इथला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. गेल्या वर्षी त्याने ऐन वेळी चहा पिऊन घेतला होता. त्याच्या आदल्या वर्षी एका चुलत्याला अर्जात दुसऱ्यांदा मारून रजा काढली होती.

“मूठ वळ. आणि मार तुझ्या थापा.”

“थापा? डासाच्या पोटातल्या रक्तावरून तो कुणाला चावला ते मी ओळखलं होतं, ती थाप होती?”

“ती तर सगळ्या थापांची आजी होती.”

मामा गालात हसला.

“दोन महिने झाले. सोमवार. सकाळी साडेसहाला मी कुलूप काढलं. किल्ली एकच, ही माझ्या पट्ट्याला. आत चिटपाखरू नाही. दिवा लावला, तर नळ्यांच्या स्टँडच्या सातव्या भोकात एक नळी उभी. रक्ताने भरलेली. झाकण घट्ट. लेबल नाही. हात लावला, तर कोमट.”

“कोमट?” दारात फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात थांबला.

“आत्ताच अंगातून निघाल्यासारखी.”

भाची कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपत होती. लागल्यासारखी वाटायची आणि बोटाखालून निसटायची. पलीकडे इतरांच्या नळ्या यंत्रात गरगरत होत्या. मामाने त्या आवाजाखाली आपला आवाज नेला.

“नळी यंत्रात फिरवली. रक्तावर जे पाणी सुटतं ते कसं हवं? वाळल्या गवताच्या रंगाचं. हे पिवळंधमक. लिव्हरची तपासणी लावली. धडधाकट माणसाचा आकडा चाळिशीच्या आत. आला शहाण्णव! म्हटलं, मशीनला भूल पडली. बाकीच्यांच्या नळ्या लावल्या, त्या सरळ. मग ती टाकून दिली, हात धुतले, विसरलो. पुढच्या सोमवारी कुलूप काढलं...”

“पुन्हा?” मावशी म्हणाल्या.

“सातवं भोक. कोमट. एकशे तीस.”

“अगं बाई! मी त्या स्टँडला आता शिवायची नाही.”

“तिसऱ्या सोमवारी मी आत शिरलो तो स्टँडकडे पाठ करूनच. पण पाठीला कळतं ना, कुणीतरी आहे म्हणून. एकशे ऐंशी. आठ सोमवार झाले. आकडा एकदा उतरला असेल तर शपथ.”

यंत्र थांबत आलं. गरगर बारीक होत होत संपली आणि खोलीत नुसता पंखा उरला. भाचीची नजर मामाच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. किल्लीच्या अलीकडे नवं भोक पाडलेलं होतं, खिळ्याने, वाकडंतिकडं. पट्ट्याचं उरलेलं टोक वीतभर लोंबत होतं.

“डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?”

“कुणाचं म्हणून सांगू? नावच नाही.”

“वेळेत कळलं तर लिव्हरसारखं सावरणारं दुसरं काही नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला तूच ऐकवतोस. जीभ दुखेपर्यंत.”

“दुसऱ्याला ऐकवायला काय जातं?”

मामा हे अगदी सहज बोलला आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागला. भाचीने दंडाचा रबरी पट्टा सोडला.

“या हाताची शीर मिळत नाही. डावा दे.”

“आधी गोष्ट तर संपू दे.”

“दे ना रे.”

एवढ्या उकाड्यात सगळे अर्ध्या बाह्यांत होते. मामाच्या डाव्या मनगटावर मात्र गुंडी लावलेली होती. भाचीनेच ती काढली, बाही गुंडाळत वर नेली आणि तिचा अंगठा थबकला. खळगीत सुईच्या खुणा होत्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, आपल्याच उजव्या हाताने टोचल्यासारख्या. जुन्या होत्या त्या ठिपक्याएवढ्या, फिकट. कालची अजून निळी.

“तर नवव्या सोमवारी,” मामा घाईघाईने म्हणाला, “मी दबा धरून बसायचं ठरवलंय. मला वाटतं त्या भिंतीतून एक हात...”

भाचीने कोरी नळी घेतली. लेबलवर मामाचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. चिकटवलं, अंगठ्याने दाबलं.

“खोटं,” ती म्हणाली. “भिंत खोटी, हात खोटा. इथे आले त्या पहिल्या दिवशी मी लेबल नसलेली नळी मशीनला लावायला निघाले, तर माझ्या हातातून काढून घेतलीस. म्हणालास, बिननावाचं रक्त कुणाचंच नसतं, त्याला काही विचारायचं नाही. तीस वर्षांत तशी एक नळी तू तपासली नाहीस, मामा. आठ सोमवार तपासलीस ती कुणाची, ते तुला माहीत होतं.”