दारावर लावलेला देश

आमच्या गावात माणसं अकरा आणि दारं चाळीस. तरी गर्दी म्हणाल तर दारांवरच. आमच्याकडे माणूस गेलं की दाराला कागद लागतो. वर फोटो, खाली नाव, साल आणि चार ओळी. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षाला नवा. जुन्यावर नवा चिकटवत जातात. काही दारं आता लाकडाची कमी आणि कागदाची जास्त झालीत.

त्या चार ओळी तीस वर्षं मीच लिहिल्या. मान्चो बारा महिने दारूच्या पिंपाशी बसलेला असायचा, त्याला मी 'झऱ्यासारखा निर्मळ' केला. सगळ्या गावाशी भांडलेली स्तान्का माझ्या कागदावर मधापेक्षा गोड झाली. मेलेल्यांनी कधी तक्रार केली नाही आणि जिवंतांना बरं वाटलं.

थापा मारणं हा माझा जन्माचा धंदा. आमच्या डोंगरावरचं दही एवढं घट्ट, की त्रेसष्ट साली माझ्या बापानं त्यानं छप्पर लिंपलं, ते अजून गळत नाही. वारा असा, की पाद्रीबाबा दाढी कमरेच्या पट्ट्यात खोचूनच बाहेर पडायचे. एकदा विसरले, तर दाढी घंटेच्या दोरात अडकली आणि अख्खं गाव भरदुपारी प्रार्थनेला जमलं.

हे सगळं माझी बायको नेवेना ऐकायची. चाळीस वर्षं तेच ते. मिरच्या भाजता भाजता म्हणायची, "मग?" आणि मी संपवलं की म्हणायची, "बोगोमिल, अर्धं काप." मी अर्धं कापायचो. उरलेलं लोक खरं मानायचे.

नेवेना गेली आणि आमचं दार कोरं राहिलं.

चाळिसावा दिवस गेला, सहा महिने गेले. लिहायला बसायचो. खोटं लिहावं तर अर्धं काप म्हणणारं कोणी नाही. खरं लिहावं तर हात पुढं सरकत नाही. वर्ष भरायला आठवडा उरला तेव्हा तिची थोरली बहीण झ्लातका फाटकात येऊन उभी राहिली.

"मान्चोला चार ओळी मिळाल्या," ती म्हणाली. "त्या दारुड्याला. माझ्या बहिणीला एक नाही. लोक म्हणतात, बायकोला विसरला."

"लिहितोय ना."

"वर्षभर लिहितोयस. रामायण लिहिलंस तरी एव्हाना संपलं असतं. शनिवारी वर्ष होतंय. सकाळपर्यंत दारावर कागद नसला तर मी शहरातून तयार छापील आणते. सगळ्यांना एकच असतो तो, नाव तेवढं बदलतात."

आता आमची झ्लातका रामायण म्हणाली नव्हती, दुसऱ्याच एका लांबलचक पोथीचं नाव घेतलं होतं. पण टोमणा एवढाच लांब होता. नाव तेवढं बदलतात, हे मात्र तिचेच शब्द. ते मला झोंबले.

मग सोमवारी तालुक्याच्या कचेरीतली दारिना आली. परदेशातून येऊ पाहणाऱ्या पाहुण्यांसाठी कचेरी एक पुस्तिका काढत होती. सुरुवातीला देशाची एक पान ओळख हवी होती.

"काका, तुमच्याइतकं लिहिलेला माणूस इथं दुसरा नाही."

"माझे वाचक कुठं प्रवासाला जाणारे नसतात, पोरी."

तरी मी हो म्हटलं. वाटलं, हात मोकळा झाला तर शनिवारचं काम होईल. बुधवारी पान घेऊन गेलो. दारिनानं वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"दह्याचं छप्पर बघायला कोणी आलं तर मी काय दाखवू?"

"सांग, काल मांजरानं खाल्लं."

"काका, नीट लिहा हो. परका माणूस पहिल्यांदाच येतोय. इथं त्याला काय भेटेल, त्यानं कसं वागावं, एवढंच. खरं खरं."

गुरुवारी स्वयंपाकघरात बसलो. मिरच्या भाजायचा पत्रा भिंतीला टेकून होता, वर्षभर न तापलेला. सकाळी लिहायला घेतलं ते दुपारी पान भरूनच उठलो. परत वाचलं नाही. शुक्रवारी दारिना कचेरीत मोठ्यानं वाचू लागली.

"'पहिल्यांदा येणाऱ्यानं घाबरू नये. इथं हो म्हणताना मान आडवी हलते, नाही म्हणताना उभी. दोन दिवस चुकाल, मग जमेल. बूट दारात काढा. वाढलेलं नको म्हणू नका, ऐकलं जात नाही. मार्चच्या एक तारखेला तुमच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला जाईल. करकोचा दिसेपर्यंत तो सोडायचा नाही. करकोचा आलाच नाही तर शेजारची कोंबडी करकोचा म्हणून दाखवली जाईल. सप्टेंबरात अंगणभर भाजलेल्या मिरच्यांचा वास असतो, तो केसांतून नाताळपर्यंत जात नाही. पाऊस येणार असला की डावा गुडघा दुखतो...'"

ती थांबली. "काका, आपल्या देशाचा गुडघा कधीपासून दुखायला लागला?"

"चौऱ्याऐंशी साली शिडीवरून पडली तेव्हापासून," मी म्हणालो, आणि मग माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

दारिनानं पुढचं मनात वाचलं. वाचून झालं तरी कागद बराच वेळ खाली ठेवला नाही. मग हात पुढं केला.

"फोटो आहे?"

कोटाच्या खिशात वर्षभर होता. तिनं कचेरीच्या यंत्रावर एकच प्रत काढली, काळ्या चौकटीत. म्हणाली, "पुस्तिकेत गेल्या वर्षीचंच टाकते. समुद्र आणि गुलाब."

शनिवारी सकाळी मी पिठाची खळ शिजवली आणि कागद लावला. झ्लातका आली तेव्हा तिच्या एका हातात गेलेल्यांच्या नावानं वाटतात त्या साखर घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा वाडगा होता आणि बगलेत शहरातून आणलेला कागद. चष्मा लावून ती दाराजवळ गेली. माझ्या कागदावर चार नाही, चौदा ओळी होत्या.

"देवाघरी गेली वगैरे काही नाही?"

"नाही."

"कोंबडीचं खरं आहे," ती म्हणाली. "मलाही तिनं दाखवली होती. वर, हाच करकोचा म्हणून शपथ घेतली होती." हसता हसता तिनं चष्मा काढून पुसला. परत लावला आणि खालपर्यंत आली. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मी लिहिलं होतं: केव्हाही या, ती घरीच असते.

"हे खोटं आहे, बोगोमिल."

"हो."

अंगणात 'अर्धं काप' म्हणणारं कोणी नव्हतं. मी तरी थोडं थांबलो, सवयीनं.

"कापू का?" मी विचारलं.

झ्लातका तशीच ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मग तिनं मान हलवली, उभी, दोनदा. बगलेतला कागद तिनं चुलीत घालायला माझ्याकडे दिला. आम्ही दोघांनी बूट दारात काढले आणि आत गेलो. दार मी लोटलं नाही.