कुंभारणीचं दार

सुश्रुतने मागच्या खोलीच्या कुलपाला चावी लावली, पण ती आत जाईना. वाकून पाहिलं तर भोकात माती लिंपलेली, अजून ओलसर.

"कुंभारीण माशी," मधुवंती म्हणाली.

"मग स्क्रू ड्रायव्हर दे, ताई. उकरून काढतो. उद्या बापूंचं तेरावं, आणि सगळी मोठी पातेली या खोलीत. म्हसळ्याहून भाड्याने आणायची का?"

"थांब. माती फोडू नकोस."

"अगं, एका माशीसाठी?"

वडील गेल्यापासून मधुवंती रडली नव्हती. आलेल्यांना चहा देत होती, सुपाऱ्या वाळत घालत होती. पण ही माती फुटली तर आपल्याला सोसणार नाही, एवढं तिला कळत होतं.

ती तिसरीत असताना एक काळी माशी याच भोकात अशीच माती लिंपताना दिसली होती. "आत काय आहे?" तिने विचारलं. बापू म्हणाले, "मला ठाऊक नाही. फोडलं तर जे आहे ते मरेल. थांबून बघू."

मग खोलीत जायचं तर बापू बिजागऱ्यांचे स्क्रू काढत, कुलपासकट दार अलगद बाजूला करत, आणि काम झालं की पुन्हा बसवत. स्क्रू सांभाळायचं काम मधुवंतीकडे, फ्रॉकच्या ओच्यात. आई ओट्यावरून म्हणायची, "स्वतःच्या खोलीत दार उचकटून शिरणारा मालक मी हा पहिलाच बघते!"

एका सकाळी मातीला भोक पडलं आणि चमचमती हिरवीगार माशी बाहेर आली.

"बापू, आई काळी आणि पोर हिरवं?"

"खरंच की! हे कसं, ते तूच शोध आणि मला सांग."

ते सांगायला एम.एस्सी. उजाडावं लागलं. हॉस्टेलवरून तिने फोन केला : हिरवी माशी वेगळ्याच जातीची, कुंभारणीची पाठ वळली की तिच्या घरट्यात गुपचूप अंडं घालते. बापू खोखो हसले. "म्हणजे आपण चोराच्या पोराची राखण केली होय गं!"

आता पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच हिरव्या माशा तिचं काम होत्या. प्रबंधात तिने बापूंचे आभार मानले होते. दाराचे मानायचे राहून गेले होते.

"बिजागऱ्या काढू," ती म्हणाली. "तू दार धर. हलू देऊ नकोस."

सुश्रुतने तिच्याकडे पाहिलं आणि दाराला खांदा लावला. पहिला स्क्रू निघाला तसा तिने नकळत ओढणीचा ओचा केला. त्यात स्क्रू पडला, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

पातेली निघाली. दार पुन्हा बसवताना सुश्रुत म्हणाला, "तू परवा जाणार. मग दर वेळी हा उद्योग कोणी करायचा?"

"दार नुसतं टेकवून ठेव," मागून आई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "आत काय सोनं आहे? मी येत जाईन रोज."

तिने वाकून ती माती नीट पाहिली.

"काळी निघते की हिरवी, ते फोनवर सांगेन."