पहिल्या झोक्याच्या आधी

मी झोळी बोलतेय. जन्माने लुगडं. नऊवारी, जाड सुताचं, विटकरी रंगाचं, हिरव्या काठाचं. पण लुगडं म्हणून मला एकीनेच नेसलं आणि तेही थोडेच दिवस. झोळी म्हणून मात्र माझी अजून सुटका झालेली नाही.

तिरोड्याच्या बाजारातून झामसिंगने मला आणलं. त्याची बायको सुखवंता तेव्हा पहिलटकरीण होती. त्याने रंग तिला विचारून घेतला नव्हता. पुरुष कापड घेताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघतात, कापडाकडे नाही. सुखवंताने मला उलटंसुलटं केलं, काठ ताणून पाहिला आणि म्हणाली, "रंग तं इटेवानी हाय. पन टिकंल."

कोऱ्या कापडाची झोळी बाळाच्या अंगाला टोचते. म्हणून तिने आधी मला नेसलं, नदीवर आपटलं, पुन्हा नेसलं, पुन्हा आपटलं. मी चांगली मऊ झाले, तोवर बाळही आलं. मुलगी. नाव गुंजन.

मला आढ्याला बांधलं आणि गुंजनला माझ्यात ठेवलं. झोपलेलं मूल झोळीला कसं लागतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. बाहेरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. आत मात्र एक एवढासा भाता चाललेला असतो. कापड किंचित फुगतं, किंचित बसतं. दिवसभर तो भाता चालायचा आणि मी खुशीत असायचे. आयुष्यात मी तेवढेच दिवस सुखी होते.

मग रोवणीचे, भातलावणीचे दिवस आले. आमच्याकडे रोवणीला घरात कोणी मागे राहत नाही. सुखवंताने मला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, मोहाच्या फांदीला बांधलं. गुंजनचं अंग कोमट होतं. "दात येऊन राहिले असंल," बायका म्हणाल्या. सुखवंताने तिला पाजलं, माझ्यात निजवलं आणि ती चिखलात उतरली.

ती पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची पेंडी हातात घेऊन रांगेत रोवत पलीकडे गेली. ती तिकडे पाठमोरी असताना माझ्यातला भाता थांबला. रडणं नाही, धडपड नाही. फुगलेलं कापड बसलं, ते पुन्हा फुगलं नाही. मी ओरडले असते, पण झोळीला कुठला घसा.

सुखवंता रांग संपवून धुऱ्याकडे आली. पोर शांत आहे असं पाहून चिखलाच्या हाताने तिने मला झोका दिला आणि परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा झोका दिला. जेवायची वेळ होईपर्यंत ती अशी येत राहिली आणि प्रत्येक वेळी मला हलवून जात राहिली. बायका म्हणाल्या सुद्धा, "लय गुणाची पोरगी हाय वो तुही." ते ऐकून सुखवंता हसली होती.

जेवायला बसण्याआधी पाजायचं म्हणून तिने गुंजनला उचललं. पुढचं मी सांगत नाही.

त्यानंतर सुखवंताने एकच गोष्ट मनात धरली. पहिल्या झोक्याच्या वेळी आपण पोरीला उचललं असतं, दवाखान्यात पळवलं असतं, तर ती वाचली असती. दर वर्षी कडुलिंबाचा पाला घालायला ती पेटी उघडायची. तळाशी मी असायचे. माझ्यावर हात ठेवून ती हेच पुटपुटायची. जगात एकट्या मला ठाऊक होतं की तसं नव्हतं. पहिला झोका दिला तेव्हाच पोर गेलेली होती, उचलून काही होणार नव्हतं. पण हे तिला सांगणार कोण?

तिने मला फाडून गोधडीत घातलं नाही, की भांडीवालीला देऊन पातेलं घेतलं नाही. धुतलं मात्र बरेचदा. तरी माझ्या मधोमध एक खळगा राहिला तो राहिलाच. घडी घातलेल्या कापडात वजन कुठून येणार? पण यायचं. पेटीच्या अंधारात त्या खळग्यात कोणीतरी कूस बदलल्यासारखं मला वाटायचं. आधी मी घाबरायचे. पुढे सवय झाली.

पुढे उर्वशी जन्मली. तिच्यासाठी झामसिंगने गोंदियाहून लोखंडी पाळणा आणला. झोळी हा शब्दच त्या घरातून गेला. उर्वशीला आपल्या बहिणीबद्दल कोणी काही सांगितलं नाही.

आता उर्वशी कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलामुलींचं बोदलकसाच्या तलावाकाठी शिबिर ठरलं. झाडांना हॅमॉक बांधून त्यात झोपायचं म्हणे. विकतचा महाग, म्हणून घरीच करायचा. मोबाइलवर बघून बघून तिने आधी बाजारातून निळं नायलॉन आणलं. हलकं, झटकलं की वाळणारं, मुठीत मावणारं. आल्या आल्या ते माझ्या पेटीवर पडलं आणि नुसतं सळसळत राहिलं. फार बोलका जीव.

उर्वशीने मग कापडांची परीक्षाच मांडली. उन्हात धरून वीण बघितली. तोंड लावून फुंकून पाहिलं, वारा आरपार जातो का. टोकावर पाय ठेवून वर ओढलं. तिथे नायलॉनची खोड निघाली. पन्हा कमी. दोन पट्टे जोडावे लागणार आणि शिवण नेमकी पाठीखाली येणार. ताडपत्रीतून वारा जाईना. पलंगावरची चादर पाय देताच ताणून लांब झाली.

तेव्हा तिने पेटी उघडली आणि शेतावर असलेल्या आईला फोन लावला.

"माय, हॅमॉकसाठी जुनं लुगडं घेऊ का वो?"

सुखवंताला हॅमॉक कसा ठाऊक असणार? कॉलेजातलं काही नाटकबिटक असेल, असं तिला वाटलं. "घे न, कोनतंबी घे. इचारून कायले राहिलीस?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पोरीने एक शब्द साधा वापरला असता, नुसतं झोळी म्हटलं असतं, तरी सुखवंता चिखल तुडवत घरी धावली असती.

उर्वशीने मला तळातून ओढून काढलं. माझी दोन्ही टोकं गाठींनी चुरगळलेली, मधला भाग झिजून गुळगुळीत. ते पाहून ती आपल्याशीच म्हणाली, "हे तं भारे बांधाचं लुगडं दिसते. धानाचे भारे झेलले याच्यानं, मग मले काय नाई झेलनार!" आणि तिने मला निवडलं.

मला दुहेरी करून, दोन्ही टोकांना दोर बांधून तिने सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या दोन खांबांना टांगलं. जपून बसली, मग आडवी झाली. तरुण, भरलेलं अंग. बऱ्याच वर्षांनी माझ्यात भाता चालू झाला, मोठा आणि दमदार. मला रडू आलं. पण त्या वजनाच्या शेजारी, खळग्यात, दुसरं एक वजन होतं. मला दोघी लागत होत्या. उर्वशीने कानात गाणी लावली आणि तिचा डोळा लागला.

सुखवंता शेतावरून आली ती अंगणातच थांबली. विटकरी झोळी, तिच्यात निपचित आकार. तिच्या हातातला विळा खाली पडला. ती खांबापर्यंत आली, पण माझ्याकडे जाणारा हात तिने मागे घेतला. हलवायची तिला भीती वाटली.

"उर्वशी!" तिने हाक मारली. "उर्वशी वो!"

पोरीच्या कानात गाणी. ती कशाची ऐकतेय? सुखवंता खांबाला धरून किंचाळली. त्या किंचाळीने उर्वशी दचकून उठली.

"काय झालं माय? काऊन रडून राहिलीस?"

मग सगळं बाहेर आलं. गुंजनचं नाव त्या घरात इतक्या वर्षांनी उच्चारलं गेलं. "ते मेली होती वो, अन् मी झोके देऊन राहिली होती. पहिल्याच झोक्याले उचललं असतं तं..."

"मले कधी सांगतलं काऊन नाई?"

"कोन्या तोंडानं सांगू?"

उर्वशीने आईला माझ्यात, आपल्या शेजारी बसवलं आणि तिचा हात धरला. सुखवंता माझ्यात बसण्याची ती पहिलीच वेळ. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मला जीभ नाही, पण गाठ आहे. सगळा जीव गाठीत आणून मी सांगितलं. बाई, ती आधीच गेली होती. तुझा हात लागायच्या आधी. गाठ खांबाला घासली. बारीक आवाज झाला, कुंई, कुंई.

सुखवंता ताठ झाली. "आयकलं का?"

"काय?"

"रडून राहिली. तवा नाई रडली वो माही पोरगी. आता रडून राहिली."

उर्वशी शिबिराला निळं नायलॉन जोडून घेऊन गेली. मी सपरीतच आहे. सुखवंता मला कोणाला सोडू देत नाही. झामसिंग एकदा गाठीला हात लावायला गेला, तर ती त्याच्या अंगावर धावून गेली. कामं आटोपली की ती खांबाला टेकून बसते आणि कान देऊन वाट बघते. मी स्वतःला आवरून धरते, पण वारा आला की माझं काय चालणार? गाठ घासते आणि तिचा चेहरा पिळवटतो.

तुम्ही कधी तिरोड्याकडे गेलात तर त्या सपरीत टेका, पाणी मागा आणि सुखवंताला तेवढं सांगा. पोर पहिल्या झोक्याच्या आधीच गेली होती. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. मी सांगायला गेले की तिला रडणंच ऐकू येतं.