राजकन्येच्या नावची शेवर्लेट

केरबा टेकाळेला बायको गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या गाडीत नवरदेव बसलेला होता.

नांदेडातलंच लग्न. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून मंडपाकडं निघाला होता. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोरं आणि त्यांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये छप्पन सालची उघडी शेवर्लेट. केरबाच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. पण नवरदेव मंडपाच्या दारात उतरेपर्यंत फोन घ्यायचा नाही, असा त्याचा नियम होता. नवरदेव उतरला, ओवाळणी झाली, मग त्यानं फोन काढला. लिंबाजीचे अकरा फोन येऊन गेले होते. लिंबाजी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लातूरला राहतो. ती चार दिवसांसाठी त्याच्याकडंच गेली होती.

"दाजी," लिंबाजी म्हणाला, "आक्का गेली."

"कुठं गेली? तिची बस तर तीनची हाय ना?"

पलीकडून लिंबाजी एकदम मोठ्यानं रडायला लागला.

सकाळी चहा पिताना तिच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

केरबानं गाडीवरच्या झेंडूच्या माळा ओरबाडल्या. हाताला आल्या तेवढ्या आल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. गाडीचा टप मागं दुमडलेला होता. टप उचलायची मोटर फार वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून दोन माणसांनी दोन बाजूंनी एकदम उचलला तरच तो नीट लागायचा, नाहीतर सांगाडा वाकायचा. दुसरं माणूस म्हणजे ती. मंडपातल्या कुणाला तरी हाक मारावी हेही त्याला सुचलं नाही. तो तसाच उन्हात निघाला.

अमेरिकेची गाडी, त्यामुळं स्टेअरिंग डाव्या हाताला. आपल्याकडच्या रस्त्यावर अशा गाडीतून पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही. उजवीकडं बसलेल्यानं मान बाहेर काढून सांगावं लागतं. ती सांगायची, "थांबा... थांबा... हं, घ्या." त्या दिवशी नांदेड सोडल्यावर थोड्याच वेळात एक सोयाबीनचा ट्रक पुढं आला आणि केरबा त्याच्या मागं मागं थेट अहमदपूरपर्यंत गेला. लोह्यात फुलं लावलेली गाडी बघून पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मामा, नवरी इसरून आले का?" तिथली पोरं हसली. त्यांचं काय चुकलं? त्यांना काय माहीत!

लिंबाजीच्या दारात गाडी थांबली तेव्हा आतून बायकांचा आकांत ऐकू येत होता. तिची म्हातारी मावशी ऊर बडवून रडत होती. "राजकन्ये, माझे राजकन्ये, कुठं गेलीस गं!"

केरबा उंबऱ्यातच थांबला. त्याच्या मनात आलं, ही तर दुसरीच कुणी बाई गेली. आपली नव्हे. आपली यशोदा. त्याला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाची पुढं कित्येक दिवस त्याला लाज वाटत राहिली. मग ध्यानात आलं. लग्नाआधी तिचं नाव राजकन्या होतं.

गाडी मुळात तिचीच. तिचा बाप तुळशीराम पवळे उदगीरकडच्या एका जहागीरदाराच्या घरी ड्रायव्हर होता. मालक कायमचे हैदराबादला राहायला गेले आणि जाताना गाडी ड्रायव्हरला देऊन गेले. तुळशीरामनं ती पोराच्या नावावर केली नाही, पोरीच्या नावावर केली. लिंबाजीला त्याचा राग नाही. "बापानं मला बराबर वळखलं व्हतं, दाजी. माझ्या नावावर असती तर येक येक चाक इकून खाल्लं असतं मी." लग्नात नवरीबरोबर गाडीही नांदेडला आली. केरबानं लगीन गाडीशी केलं, नवरी वर फुकट मिळाली, असं गल्लीतले लोक म्हणायचे. ती चिडायची नाही. म्हणायची, "खरंच हाय की. गाडी माझी, डायवर बी माझा."

गाडी तिनंच राखली. टपाचं कापड फाटलं तेव्हा जाड किंतान आणून घरच्या मशीनवर तिनं ते शिवलं, तीन सुया मोडल्या. चकचकीत पट्ट्यांना केरबा चिंच लावायला गेला की हातातून ओढून घ्यायची. मऊ फडकं आणि दोन थेंब खोबरेल, एवढंच चालायचं. अडुसष्ट वर्षांची गाडी, पण दारं अजून एका बोटानं लागतात.

गेल्या दिवाळीत तिनं सांगितलं होतं, "चालती हाय तवर चांगल्या माणसाला देऊन टाका. बंद पडली की गिऱ्हाईक येत न्हाई, भंगारवाला येतो." केरबानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ती गेल्यावर चार महिने त्यानं एकही परण्या घेतला नाही. टप एकट्याच्यानं लागेना, रस्त्यावर ट्रक ओलांडता येईना. धर्माबादला दिलेली लेक अयोध्या फोनवर म्हणाली, "अण्णा, आई म्हणाली तसं करा. तिचं तेवढं तरी करा."

चांगला माणूस लातूरचाच निघाला. विरूपाक्ष अप्पा, बियाण्यांचा व्यापारी, पन्नाशीचा. तो नांदेडला आला, गाडीभोवती दोनदा फिरला आणि गुडघ्यावर बसून त्यानं खालून बघितलं. नंतर टपाच्या कापडावर हात ठेवून म्हणाला, "मामा, ही शिवण कुठली?"

"घरची."

"म्हंजे?"

"मंडळीनं शिवलेली."

विरूपाक्षनं शिवणीवरून बोट फिरवलं. "ही अशीच ठिवतो मी. बदलत न्हाई."

"चालवणार का नुसती उभी करणार?"

"दर ऐतवारी औशापर्यंत जायचं ठरवून राहिलो. पण आमची मंडळी म्हणती, मी त्या उजव्या बाजूला बसणार न्हाई, भ्या वाटतं."

"तर मग घेऊ नका," केरबा म्हणाला. "हिला दोन माणसं लागतात."

विरूपाक्ष हसला. "बसवतो. तुम्हीच येऊन सांगा तिला, माझं कोण ऐकतं घरात?"

भाव एका चहात ठरला. मग विरूपाक्षनं कागद मागितले. केरबानं पत्र्याची पेटी उघडून आरसी बुक काढलं, त्यावर मृत्यूचा दाखला ठेवला. विरूपाक्षनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. बुकावर राजकन्या तुळशीराम पवळे. दाखल्यावर यशोदा केरबा टेकाळे.

"मामा, ह्या दोन बाया हायत."

"येकच हाय."

"तुम्हाला ठावं हाय. हापिसाला कुठं ठावं?"

दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. लातूरला विरूपाक्षच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, महामाया नावाच्या. कोर्टासमोर त्यांचं छोटं ऑफिस. केरबा बसनं गेला. साक्षीदार म्हणून लिंबाजी आला. वकीलबाईंनी कागद बघितले आणि त्या भराभर टाइप करत सुटल्या. सगळं दहा मिनिटांचं काम.

"नाव कधी बदललं, काका?"

"लग्नात."

"कारण? राहू द्या, मी टाकते. लग्नानंतर प्रथेनुसार नाव बदलले."

"खाली काय लिहिलंय तुम्ही?" केरबानं विचारलं. "सहीच्या वर?"

त्यांनी वाचून दाखवलं. "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे."

केरबा म्हणाला, "पण ते प्रथेनं न्हाई बदललं. मी बदललं."

"तेच ते, काका."

"तेच कसं? माझ्या सख्ख्या भावानं न्हाई बदललं बायकोचं. त्याला काय दुसरी प्रथा व्हती?"

"दाजी," लिंबाजी म्हणाला, "गाडी इकायला आलाव का वकिली करायला? करा की सही."

केरबाला ते लग्न आठवत होतं. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं होतं. केरबाच्या मनात कुठलंच नाव नव्हतं. राजकन्या हेच राहिलं असतं तरी त्याला चाललं असतं. तेवढ्यात त्याची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "राजकन्या घरात आणली तर भांडी कोण घासंल बाई?" अख्खा मांडव हसला. कुणीतरी म्हणालं, यशोदा ठेवा. केरबाही हसत होता. हसता हसताच त्यानं तांदळात यशोदा लिहिलं. नवरी खाली मान घालून बसली होती. ती हसली की नाही हे त्याला दिसलं नाही. पुढं अडतीस वर्षांत त्यानं तिला ते कधी विचारलंही नाही.

एकदा मात्र बोलणं निघालं होतं. गाडीच्या कागदांचं नूतनीकरण करायचं होतं. एजंट म्हणाला, बुकावर आताचं नाव लावून घ्या, पुढं त्रास होत नाही. ती म्हणाली, "राहू द्या. तेवढ्या येका जागी माझं हाय ते." केरबाला वाटलं, ती गाडीबद्दल बोलून राहिली.

त्यानं वकीलबाईंना विचारलं, "तुमचं नाव लग्नात बदललं का हो?"

"नाही. सासरच्यांनी विचारलं होतं, बदलायचं का म्हणून. मी नको म्हटलं."

"इचारलं व्हतं?"

"हो."

केरबा मान हलवत राहिला. लिंबाजी खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळानं तोच म्हणाला, पण आता थट्टेत नाही, "आमच्या आईला लई लागलं व्हतं ते, दाजी. लेकीला राजकन्या तिनंच ठिवलं व्हतं. पर मांडवात काय बोलणार? पोरीची बाजू."

हे केरबाला ठाऊक नव्हतं.

"मग काका, तुम्ही सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तेच कारण लिहिते. शपथेवर आहे, तुमचं खरं असेल तेच लिहू."

केरबानं तोंड उघडलं. आई बोलली म्हणून, असं म्हणावं तर सगळं म्हातारीवर जातं, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली. लोक हसले म्हणून, असं म्हणावं तर लोकांच्या हातात अंगठी नव्हती. मी विचारलं नाही म्हणून, हे खरं होतं, पण तेवढ्यानं नाव कशाला बदलतं? "अजून सुचंना," तो म्हणाला.

वकीलबाईंनी ती ओळ पुसली, तिथं कोरी जागा ठेवून कागद छापला आणि त्याच्या हातात दिला. "सुचेल तेव्हा हातानं लिहून आणा. सही माझ्यासमोर करा."

विरूपाक्षनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "सावकाश, मामा. गाडी कुठं पळून चालली?" अयोध्या मात्र वैतागली. "अण्णा, प्रथा लिहून मोकळे व्हा ना. आई काय वाचायला येणार हाय?" केरबा तिला म्हणाला, "ती येत न्हाई म्हणून तर."

ह्याला आता सहा आठवडे होऊन गेले. दर गुरुवारी केरबा गाडी सुरू करतो, दहा मिनिटं चालू ठेवतो, बंद करतो. विरूपाक्षचा अधूनमधून फोन येतो. तो गाडीचं विचारत नाही, तब्येतीचं विचारतो. केरबानं दोन वेळा वहीच्या पाठकोऱ्या पानावर कारण लिहून बघितलं आणि दोन्ही वेळा पान फाडून टाकलं.

साक्षीदार म्हणून लिंबाजीची सही व्हायची आहे, केरबाची व्हायची आहे, आणि नाव का बदललं ही एक ओळ लिहायची राहिली आहे.