दहाव्या किलोमीटरला

थोरलीला जन्मापासून दिसत नाही. तरी ती पळते, आणि चांगली पळते. कशी, ते आधी समजून घ्या. तिच्या डाव्या हातात हातभर दोरीचं एक टोक असतं आणि दुसरं टोक सोबत्याच्या उजव्या हातात. सोबत्याने तिला फरफटवायचं नाही, ढकलायचं नाही, शेवटची रेषा तिच्याआधी ओलांडायची नाही. त्याने फक्त रस्ता सांगायचा. उतार आला, आता डावीकडे, गतिरोधक आहे, पाय उचल. डोळे मिटून घरातल्या घरात दहा पावलं चालून पाहा, म्हणजे अशा शब्दांची किंमत कळेल.

तिचा सोबती म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो घरं रंगवतो, ती सायकलच्या कारखान्यात साखळ्या जोडते. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तिचा हात त्याच्याच हातात. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिचे डोळे मी दोन वर्षं उशिरा जन्माला घातले." हे ऐकतच तो मोठा झाला. अशी वाक्यं मुलांच्या अंगात मुरतात. पुढे काढू म्हटलं तरी निघत नाहीत.

त्या वर्षी धाकट्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा जिन्याच्या वळणावर त्याला टेकावं लागत होतं. थोरलीचा सराव बुडू नये म्हणून शेजारची बेकरीवाली तिच्याबरोबर पळू लागली. बाई दणकट, पण तोंडाला विसावा नाही. धाकटा अंथरुणातून म्हणायचा, तिच्याबरोबर पळणं म्हणजे कानाला रेडिओ बांधून पळणं. थोरली हसायची. "रेडिओ निदान खोकत तरी नाही," ती एकदा म्हणाली, आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

उठून हिंडता येऊ लागल्याबरोबर त्याने दोरी परत हातात घेतली. दोनदा ताप उलटला, एकदा पोटरी धरली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून बजावलं, यंदा चालायचं, पळायचं नाही. हे त्याने घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं ते वेगळंच. आता बोलायचं बंद, दोरीनेच खुणा करायच्या. बोटाचा एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे पाय उचल, आणि लांब थरथर म्हणजे सगळं ठीक. मोठे धावपटू असंच करतात, असं तो म्हणाला. खरी गोष्ट अशी होती, की पळताना बोललं की त्याला धाप लागायची. आणि थोरली म्हणजे अशी, की त्याच्या एका शब्दावरून त्याचा ताप ओळखेल. म्हणून त्याने शब्दच काढून टाकले. ती खुणा हौसेने शिकली.

शर्यत अर्ध्या मॅरेथॉनची होती, एकवीस किलोमीटरची. दृष्टिहीन बायकांपैकी जी पहिली येईल, आणि तीही दोन तासांच्या आत, तिला अंध खेळाडूंची संघटना परदेशातल्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होती. थोरली त्रेचाळीस वर्षांची. मागून एक विशीतली मुलगी चढत होती. पुढच्या वर्षी ती जागा कोणाची, हे कोणी थोरलीला सांगायला नको होतं. आणखी एक नियम होता. सोबती थकला तर बदलता येई, पण फक्त दहाव्या किलोमीटरवरच्या पंचांच्या टेबलापाशी. तिथे बेकरीवाली बूट बांधून उभी राहणार होती.

पहिले दहा किलोमीटर छान गेले. थोरली त्या मुलीच्या पुढे होती. धाकट्याच्या बरगडीखाली मात्र सहाव्यापासूनच सुरी फिरत होती. शेकडो बुटांच्या आवाजात एका माणसाच्या श्वासाचं काय कळणार, शिवाय तो तोंड पलीकडे वळवून धापा टाकत होता. टेबल जवळ आलं तसं थोरलीने विचारलं, "कसा आहेस? अजून बदलता येईल."

दोरीवर लांब थरथर आली.

बेकरीवालीला त्याचे निळे पडलेले ओठ दिसले. तिने हात पुढे केला. त्याने मान हलवली, डोळ्यांनीच विनवलं. बहीण-भावाच्या मध्ये आपण कोण, असं तिला वाटलं असावं. जन्मात एकदा ती बाई गप्प राहिली, ती नेमकी तिथे.

पंधराव्यापर्यंत वेळ हातात होता. मग खुणा उशिरा येऊ लागल्या. एका गतिरोधकावर थोरली अडखळली आणि तीन ठोके त्याच्यानंतर आले. पुलाच्या चढावर दोरी जड झाली, मागे ओढली गेली, आणि दोघंही रस्त्यावर कोसळली. तिचा गुडघा फुटला. ती हातांनी चाचपत त्याच्यापर्यंत पोचली. त्याची पाठ भात्यासारखी वर-खाली होत होती.

"ताई, तू पुढे जा," तो म्हणाला.

"कुठे जाऊ?"

 ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धावणारे दोन्ही बाजूंनी जात राहिले. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणा सोबत्याचा शांत आवाज जवळ आला, "उजवीकडे हो, कोणीतरी पडलंय." एक दमदार, तरुण श्वास तिच्या खांद्याजवळून गेला आणि चढावर दूर होत गेला. तो कोणाचा, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली तेव्हा ती मुलगी वेळेत पोचल्याची बातमी धाकट्याला कळलेली होती. उजवं फुप्फुस पूर्वीसारखं होणार नाही, हेही त्याला सकाळीच सांगितलं गेलं होतं. तो म्हणाला, मला वाटलं निभावेल.

"तुला वाटलं," थोरली म्हणाली. "पळायचं मला होतं. टेबलापाशी खरं सांगितलं असतंस तर मी ठरवलं असतं. तू मला ठरवू दिलं नाहीस."

 तिने सांगितलं, सोमवारपासून बेकरीवालीबरोबर पळणार. परदेशच्या शर्यतीसाठी नाव निघो न निघो.

"आणि मी?"

"तू बरा हो."

याहून गोड काहीतरी तिला बोलता आलं असतं. पण आदल्या दिवशी एका गोड खोट्याने जे केलं होतं, ते समोर पलंगावर पडलेलं होतं. ती उठली, पलंगाचा दांडा धरून निघाली. धाकट्याने सवयीने हात पुढे केला, तो सलाइनच्या नळीला अडकला. वाटेत स्टूल होतं. तो सांगणार तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. थोरलीची नडगी स्टुलावर आपटली. ती थांबली, खोकला शमेपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने स्टूल चाचपून बाजूला सारलं आणि भिंतीच्या कडेकडेने दाराकडे गेली.